सगळ्यात मागे उभी राहणारी आक्का

आक्का, तू गेलीस त्याला आज सव्वीस दिवस झाले. या दिवसांत रडू येईल, असं सगळ्यांनी मला सांगून ठेवलं होतं. रडू फारसं येत नाही. भीती येते. सकाळी दाढी करताना येते, पूर्ण्याच्या तिकीट खिडकीत बसलेलो असताना येते, संध्याकाळी घरी येताना गाडी पिंगळीला उगाच थांबून राहते तेव्हा येते. परभणी आली तरी ती जात नाही. हे मी वैशालीला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचं तर कशाची भीती, तेही सांगावं लागेल. तुला सांगतो, कारण तुला ते आधीपासून माहीत होतं.

जलदान विधीच्या दिवशी लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. गल्लीतली कॉम्प्युटर शिकलेली पहिली मुलगी, हैदराबादेत राहून इंग्रजीत फोनवर बोलणारी, बाबा गेल्यावर घर सांभाळणारी, आजारपणात एकदाही कुरकुर न करणारी. यातलं शेवटचं खरं नाही. तू भरपूर कुरकुर करायचीस. डॉक्टरांनी मोजून दिलेल्या पाण्यावरून करायचीस, माझ्या स्कूटी चालवण्यावरून करायचीस आणि सगळ्यात जास्त माझ्या खेळण्यावरून करायचीस. पण खेळाचं त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. चव्वेचाळीस वर्षांची बहीण आणि एक्केचाळीस वर्षांचा भाऊ रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसून अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळतात, हे बाहेर सांगायची आईला लाज वाटायची. शेजारची बाई डोकावली की आई म्हणायची, "आक्काचं हापिसचं काम चालू हाय. मिलिंद मदत करायलाय."

पाच वर्षांपूर्वी तू हैदराबाद सोडून आलीस. मी स्टेशनवर घ्यायला आलो होतो. तुझा चेहरा सुजलेला होता. मी काही विचारायच्या आत तूच सांगितलंस, "बाबांना होतं तेच हाय, मिल्या. दोन्ही किडन्यांत पाण्याचे फुगे. फाइल घरी दाखवते. आधी ही बॅग धर, हिच्यात मशीन हाय, आपटू नको."

मला वाटलं औषधाचं मशीन असेल. घरी आल्यावर बघितलं तर टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन. तू अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचीस. त्यांच्याशी दोन शब्द जास्तीचे बोलता यावेत म्हणून तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना त्यांच्या फुटबॉलची थोडी माहिती करून दिली होती. बाकीचे तेवढ्यावर थांबले. तू पार त्यात बुडालीस.

त्या दिवशी मी मशीनबद्दल विचारत राहिलो, कारण मला फाइलबद्दल विचारायचं नव्हतं. बाबांचं शेवटचं वर्ष मला आठवतं. त्यांचं पोट एवढं फुगलं होतं की सदऱ्याची बटणं लागायची नाहीत. मी सतरा वर्षांचा होतो आणि त्यांच्या खोलीत जायचं टाळायचो. पाणी नेऊन द्यायचं असलं तरी तुला पाठवायचो. आता तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार रक्तातून येतो, आई किंवा बाप कुणा एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. "भावाची एकदा सोनोग्राफी करून घ्या," ते म्हणाले. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "कधी करायलास?" मी म्हणालो, "करतो की." ते "करतो की" पाच वर्षं चाललं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार तुझं डायलिसिस. मी तुला सकाळी स्कूटीवर सोडायचो आणि मग गाडी पकडून पूर्ण्याला जायचो. आठवड्यातले उरलेले दिवस तुला जाता जात नव्हते. एका रविवारी तू मला समोर बसवलंस, हातात दुसरा रिमोट दिलास आणि आईकडून परात मागवलीस. परातीत मूठभर शेंगदाणे ओतलेस. डायलिसिसमुळे तुला शेंगदाणे बंद होते. आई म्हणाली, "खाणार असशील तर न्हाई देणार." तू म्हणालीस, "खायला न्हाई, माय. हे आमचे अकरा जण."

अकरा शेंगदाणे आपले, समोर अकरा हरभरे. त्यांच्यातला एक जण चेंडू फेकणार, चार-पाच जण पळत जाऊन झेलणार. आपण अडवायचं. मला आधी वाटलं, यात शिकायचं काय? चेंडू जिकडे जाईल तिकडे पळायचं. मी तसाच पळत राहिलो आणि तू तासाभरात मला वेड लागायची पाळी आणलीस.

"चेंडूकडं बघू नको."

"मग कुणाकडं बघू?"

"पळणाऱ्याच्या कमरेकडं बघ. डोकं खोटं बोलतं, खांदे खोटं बोलतात. कंबर जिकडं वळली तिकडंच तो जाणार."

मग तू दोन पद्धती सांगितल्यास. एक, माणूस धरायची. आपल्या प्रत्येकानं त्यांचा एकेक जण धरायचा आणि तो जाईल तिकडे त्याच्यामागे जायचं. दुसरी, जागा धरायची. मैदानाचा एकेक तुकडा वाटून घ्यायचा आणि त्यात जो येईल तो आपला. मला माणूस धरणं सोपं वाटायचं. तू म्हणायचीस, नवशिक्यांना तेच सोपं वाटतं, कारण त्यात विचार करावा लागत नाही. खरी गंमत दोन्हींच्या मधे आहे. आपली जागा धरून उभं राहायचं, पण जागेत कुणी शिरला की त्याला सावलीसारखं धरायचं, आणि तो बाहेर पडला की त्याला पुढच्याच्या हवाली करून परत जागेवर यायचं. "सोडायचं कधी ते कळलं पाहिजे," तू म्हणायचीस. "न्हाईतर दोघं एकाच्या मागं लागतेत आन् दुसरा मोकळा सुटतो."

शिकवून झालं की परातीतले शेंगदाणे मी खायचो. तू पाण्याऐवजी तोंडात बर्फाचा एक खडा धरून माझ्याकडे बघत बसायचीस.

पुढे तू आपलं नाव इंटरनेटवरच्या एका लीगमध्ये घातलंस. समोरचे बहुतेक अमेरिकेतले. त्यांची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची सकाळ. आई पोहे करत असायची, बाहेर भंगारवाला ओरडत जायचा आणि तू कानाला हेडफोन लावून कुणाला तरी इंग्रजीत गुड लक म्हणत असायचीस. पहिले सगळे सामने आपण हरलो. आपण परभणीत बटण दाबलं की ते तिकडे पोचायला वेळ लागायचा. पापणी लवायला लागतो तेवढाच, पण तेवढ्यात चेंडू निघून जायचा. मी वैतागून म्हणालो, "आपल्याला जमणारच न्हाई. आपण दिसल्यावर पळायलोत, तोवर सगळं होऊन गेलेलं असतं."

 बुधवारी डायलिसिसच्या खुर्चीवर असतानाच तुझा मला पूर्ण्याला फोन आला. माझ्या खिडकीसमोर रांग होती. "मिल्या, आपण दिसायची वाटच बघायची न्हाई. समोरच्यानं कुठं फेकावं ते आपणच ठरवायचं."

"आक्का, मी ड्युटीवर हाय."

"आयकून घे फक्त. आपण त्यांचा एक पोरगा मुद्दाम मोकळा सोडल्यासारखा दाखवायचा. फेकणाऱ्याला वाटलं पाहिजे की तो मोकळा हाय. त्यानं हात मागं घेतला की आपला माणूस मधी शिरणार. आधीच निघालेला असणार."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "साहेब, नांदेड एक द्या की." मी त्याला नांदेडचं तिकीट दिलं आणि दिवसभर हसत होतो. आजही, आक्का, एवढ्या भीतीतसुद्धा, ते आठवलं की हसू येतं. हाताला दोन सुया लावलेल्या, अंगातलं रक्त बाहेर फिरून परत येतंय, आणि तू चेंडू कसा चोरायचा याचा विचार करत बसलेली.

पुढच्या रविवारी ते जमलं. प्रत्येक चाल सुरू व्हायच्या आधी तू आपले दोघे जण मागे उभे करायचीस. समोरच्याला वाटायचं, मागची बाजू पक्की आहे, म्हणजे मधे जागा मिळणार. फेकणाऱ्याच्या हातात चेंडू आला की त्या दोघांतला एक पुढे पळत यायचा, आणि मधली मोकळी दिसणारी जागा मोकळी राहायचीच नाही. चेंडू आपल्या हातात येऊन पडला. पहिल्यांदा. मी एवढ्यानं ओरडलो की आई उलथनं घेऊन बाहेर आली. "काय झालं? आक्काला काय झालं?" तिला वाटलं, तुला काही झालं. तू तिला जवळ बसवलंस आणि म्हणालीस, "काय न्हाई माय, आमी चोरी केली." माझ्याकडे बघून म्हणालीस, "शिकलास रे." तसं तू कधी म्हणायची नाहीस. त्याबद्दल आभार मानायचे राहिले, ते आता मानतो.

या खेळात एक जागा होती, ती तू मला शेवटच्या सामन्यापर्यंत दिली नाहीस. सगळ्यात मागची. तो एकटाच माणूस, त्याच्यामागे कुणी नाही. बाकीचे चुकले तर तो असतो. तो चुकला तर काहीच नसतं. त्यानं पुढे यायची घाई करायची नाही, कितीही वाटलं तरी. नजर सगळ्यांवर ठेवून मागे मागे जात राहायचं आणि खरंच चेंडू सुटल्यावरच निघायचं. तो माणूस नेहमी तूच चालवायचीस. मी एकदा मागितला तर म्हणालीस, "तुला न्हाई जमायचं. तू भितरा हाईस." हसत म्हणालीस. मीही हसलो.

मी भितरा आहे, हे मला माहीत होतं. तुझ्या डाव्या हाताला, जिथे डायलिसिससाठी शीर जोडलेली होती, तिथे बोट लावलं की आत गाडी चालल्यासारखी थरथर लागायची. सुमेधा, माझी दहा वर्षांची पोर, खुशाल तिथे कान लावून ऐकायची. "आत्या, तुझ्या हातात गिरणी हाय," म्हणायची. मी कधी हात लावला नाही. स्कूटीवरून उतरवतानाही तुझा उजवाच हात धरायचो.

शेवटचा सामना लीगचा अंतिम सामना होता. त्या सकाळी तुझ्या डाव्या हाताला मुंग्या येत होत्या, बोटं नीट वळत नव्हती. तरी सामन्याच्या चार भागांपैकी तीन तू खेळलीस. चौथ्या भागात आपण चार गुणांनी पुढे होतो आणि मिनिटभराचा खेळ उरला होता. तू हात झटकलास आणि म्हणालीस, "मिल्या, मागचा तू घे. मला बटण दाबल्यालं कळंना झालंय."

"आक्का, मला न्हाई जमायचं."

"काय करायचं न्हाई तुला. फक्त पुढं यायचं न्हाई. बाकी मी बघते."

मी घेतला.  पडद्यावर तो माणूस एवढा मागे, एवढा एकटा दिसत होता. समोरचा एक जण कडेनं पळत आला आणि मधेच पाय रोवून थांबला, चेंडू मागतो तसा वळला. तू ओरडलीस, "थांब! खोटं हाय!" मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. पण मला ते वाट बघत उभं राहणं सहन होईना. मी पुढे धावलो. तो पोरगा परत वळला आणि माझ्या बाजूनं निघून गेला. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. त्यानं तो एकट्यानं, कुणीही मागे नसताना, निवांत झेलला, सहा गुण मिळवले आणि आपण हरलो. हेडफोनमधून समोरच्याचं हसणं मलाही ऐकू आलं.

मी म्हणालो, "सॉरी."

तू हेडफोन काढलास. रागावली नव्हतीस, तेच वाईट होतं. शांतपणे म्हणालीस, "तू चेंडू आडवायला न्हाई पळालास, मिल्या. तुला थांबून बघायची भीती वाटती. काय व्हायचं ते लवकर होऊन जाऊ दे, असं वाटतं तुला. न्हाईतर मग बघायचंच न्हाई."

"खेळ हाय, आक्का."

"खेळाचं न्हाई बोलायले मी. पाच वर्षं झाली. एक सोनोग्राफी. दहा मिनिटं लागतेत. तुझं बीपी किती हाय ते तरी ठाऊक हाय का तुला? तुला पोरगी हाय. मला उशिरा कळलं म्हणून माझे हे हाल झाले. तू कामून डोळे झाकून बसायलास?"

आणि मग मी ते बोललो. ते वाक्य मी इथे लिहिणार नव्हतो. दोन दिवस हा कागद तसाच पडून होता. पण तुझ्याशी बोलतोय तर ते सोडून काय बोलू? मी म्हणालो, "माझ्या तब्येतीची फिकर हाय, का माझी किडनी पाहिजे तुला? म्हणून मागं लागलीस ना?"

आपला दोघांचा रक्तगट एकच. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मला तो आजार नसेल तर मी तुला किडनी देऊ शकेन, हे डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पण आधी माझी तपासणी व्हायला हवी होती. तपासणी केली आणि आजार निघाला तर मी बाबांच्या वाटेवर. नाही निघाला तर किडनी द्यायची. मला दोन्हीची भीती वाटत होती, आक्का. म्हणून मी मधेच उभा राहिलो, पाच वर्षं, आणि त्याला "करतो की" म्हणत राहिलो. तू माझ्याकडे ती कधीच मागितली नाहीस. एकदाही नाही. न मागितलेल्या गोष्टीला मी त्या दिवशी नाही म्हणालो.

 परातीतले शेंगदाणे गोळा केलेस, डब्यात भरलेस, झाकण लावलंस. आणि आत जाऊन पडलीस.

त्यानंतरचा आठवडा आपण बोललो नाही. तरी सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी मी तुला सोडायला आलो. तू मागे बसायचीस, नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवायचीस, त्या आठवड्यात सीटच्या कडेला धरून बसलीस. मी रोज ठरवायचो, आज माफी मागायची. वसमत रोड लागला की ठरवायचो आणि डायलिसिसचं सेंटर आलं की राहून जायचं. शुक्रवारी जाताना तू म्हणालीस, "स्पीडब्रेकर हळू घे." मी म्हणालो, "बरं." आपलं शेवटचं बोलणं ते.

सोमवारी सकाळी मी स्कूटी बाहेर काढली. तू आत तयार होत होतीस. उशीर होत होता, मला गाडी पकडायची होती. एरवी मी "आक्का, चल की" अशी हाक मारली असती. बोलणं बंद होतं म्हणून हॉर्न वाजवला. थोडा वेळ थांबून परत एकदा वाजवला, जरा लांब. तेव्हा आई ओरडली.

तू दारातच बसली होतीस. एक चप्पल पायात होती, दुसरी हातात. डोकं चौकटीला टेकलेलं. मी तुझा डावा हात धरला. पहिल्यांदा. तिथे बोटं दाबून बसलो, कितीतरी वेळ, आई हाका मारत असताना. आत काहीच चालू नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांच्या खंडानंतर असं होऊ शकतं, हृदय थांबतं, कुणाच्या हातात नव्हतं. मला ते नीट ऐकू आलं नाही. माझ्या कानात तो दुसरा हॉर्न होता. अजूनही मागून कुणी हॉर्न वाजवला की मी स्कूटी कडेला घेऊन थांबतो. तुला पहिला ऐकू गेला होता का? दुसरा? मला हे कुणाला विचारता येत नाही.

जलदान विधीनंतरच्या रविवारी मी मशीन चालू केलं. का केलं, माहीत नाही. लीगवाल्यांना कळवायचं होतं, हे एक निमित्त. मी चार ओळी इंग्रजीत लिहिल्या, चुकतमाकत. मग एकट्यानंच एक सामना लावला आणि सगळ्यात मागचा माणूस घेतला.  आई येऊन शेजारी बसली. इतक्या वर्षांत ती कधी पडद्याकडे बघत बसली नव्हती.

"ह्यात आक्का कंची?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. "ही मागची."

आईनं चष्मा पुसून परत लावला. बराच वेळ बघितलं. "लय लांब उभी हाय की रे," ती म्हणाली. "कुणीच न्हाई तिच्याजवळ."

मी मशीन बंद केलं.

त्याच आठवड्यात वैशाली सुमेधाची वेणी घालत होती आणि मी चहा पीत होतो. सुमेधानं आरशात माझ्याकडे बघून विचारलं, "पप्पा, आजोबांना झालं, आत्याला झालं. आता तुम्हाला होणार का? मग मला?" वैशालीचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पाच वर्षं तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला कळलं की ती रोज विचारत होती. मी म्हणालो, "बघतो बेटा." कप ठेवला, आणि त्या दिवशी पूर्ण्याला न जाता सोनोग्राफी सेंटरला गेलो.

कुणाला सांगितलं नाही. रांगेत सात जण होते. तीनदा उठून दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा बाहेर पायरीवर आलो, स्कूटीची किल्ली हातात घेतली. तुझा आवाज ऐकू आला असं लिहिलं तर छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. आतून माझं नाव पुकारलं, एवढंच. पोटावर थंड जेल लावलं तेव्हा माझे दात वाजत होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, "एसी कमी करू का?" मी म्हणालो, "भीती वाटायलीय, मॅडम." हे मी मोठ्यानं आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन. त्यांनी घरची माहिती विचारली. मी बाबांचं सांगितलं, तुझं सांगितलं.  त्यांनी मला उजव्या कुशीवर वळवून बघितलं, मग डाव्या, परत उजव्या. मी छताकडे बघत पडून राहिलो. पळून जायला जागा नव्हती.

"दोन्ही किडन्या स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "एकही फुगा नाही. तुमचं वय चाळिशीच्या पुढे आहे, म्हणजे आता काळजी नाही. तुमच्याकडून मुलीलाही येणार नाही. जा, पेढे वाटा."

मी रिपोर्ट घेऊन बाहेर आलो आणि स्कूटीवर बसून राहिलो. वैशालीला फोन केला. ती रडायला लागली, आनंदानं. मला मात्र आनंद होईना. तेव्हा कळलं, आक्का, की आजार निघण्यापेक्षा न निघणंच मला जास्त जड जाणार होतं. आजार निघाला असता तर तुझ्यासमोर यायला मला तोंड होतं.

घरी आलो. आई दारात तांदूळ निवडत होती. त्याच दारात. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि रिपोर्ट तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नाही. मी सांगितलं, मला काही नाही, पोरीलाही नाही. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, तीनदा. मग परत तांदळात बोटं फिरवायला लागली. थोड्या वेळानं, मान वर न करता तिनं विचारलं,

"म्हंजी तुझी लागली असती का रे तिला?"

मला खोटं बोलता आलं असतं. आणखी तपासण्या असतात, जुळेलच असं नसतं, हे सगळं खरंच आहे. मी म्हणालो, "बहुतेक लागली असती, माय."

तिनं एक खडा उचलून बाहेर फेकला. "मग बरं झालं," ती म्हणाली, "तिला कळलं न्हाई."

कुणासाठी बरं झालं, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही दोघं जेवलो. आईनं मला वाढलं, माझ्याकडे न बघता वाढलं, आणि तेव्हापासून ती तशीच वाढते.

आक्का, तुला कळलं नाही हे बरं झालं, असं मला म्हणवत नाही. म्हणून हे लिहिलं. माझ्या दोन्ही किडन्या स्वच्छ आहेत. आता तुला कळलं.